नाव माझं, गोगलगाय तुमची

प्रकाशनाला आलेले मेल मी उघडते, त्यामुळे पहिला धक्का नेहमी मलाच बसतो. त्या सकाळी बाहेरच्या खोलीत ‘कुंडीखालचे शेजारी’ या आमच्या नव्या पुस्तकाचे गठ्ठे छताला टेकायला आले होते. दुपारी टेम्पो यायचा होता. शाळांनी आधीच मागवलेलं हे आमचं पहिलंच पुस्तक, म्हणून मालक गठ्ठ्यांभोवती घिरट्या घालत होते आणि मधूनच एखादा गठ्ठा उगाच थोपटत होते. मी मेल उघडला.

“तुमच्या पुस्तकाची पानं तुमच्या वेबसाइटवर पाहिली. डावखुऱ्या गोगलगायीचा फोटो माझा आहे. तो कुणीही वापरावा, अगदी विकायच्या पुस्तकातही वापरावा, असं मी परवान्यातच लिहून ठेवलंय. पण त्यात बदल करू नये, असंही तिथेच लिहिलंय. तुम्ही फोटो उलटवलात. खाली नाव माझं आहे, पण गोगलगाय तुमची आहे.” खाली सही होती, ‘ओलं पान’.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. तिथे आत्या पुढच्या पुस्तकासाठी बेडकाचे फोटो शोधत होती आणि प्रत्येक फोटोखालचा मजकूर चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून वाचत होती. ही चूक दुसऱ्या कुणाची असती तर मी तिथल्या तिथे त्याची खरडपट्टी काढली असती. पण पुस्तकातलं प्रत्येक चित्र तिच्या हाताखालून जातं. आणि या एका बाबतीत आत्या चुकेल, असं तिच्या शत्रूनेही म्हटलं नसतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि घरी शाळांसाठी तक्ते रंगवायची. डोळ्याची रचना, फुलाचे भाग, बेडकाचं पोट. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कायम कुणाचं तरी आतडं वाळत पडलेलं असायचं. तक्ता पुरा झाला की ती उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, बारीक सही करायची. तक्ते विकणारा तो छापायचा, वर-खाली पत्र्याची पट्टी ठोकायचा आणि भिंतीवर टांगायला हुक लावायचा. खालची पट्टी बरोबर सहीवर बसायची. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पट्टीला जागा तीच होती. पुढे त्या छापील तक्त्यांवरून दुसऱ्यांनी तक्ते काढले आणि त्यांत तर पट्टीखालीही काही नव्हतं.

एकदा मी तिला डोळे तपासायला घेऊन गेले, तर दवाखान्याच्या भिंतीवर तिचाच डोळा टांगलेला. आत्या हरखली. तिथल्या नर्सला म्हणाली, “हा मी काढलाय.” नर्स म्हणाली, “हो का, बसा. नंबर आला की बोलावते.” आत्या बसली. मला इतका राग आला होता की मी त्या नर्सशी भांडणारच होते. आत्याने माझा हात धरून ठेवला, आणि नंबर येईपर्यंत ती त्या तक्त्याच्या खालच्या पट्टीकडे बघत राहिली.

निवृत्त झाल्यावर तिच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तिला आपल्या प्रकाशनात बोलावलं. तोच आमचा मालक. मुलांच्या पुस्तकांसाठी इंटरनेटवर चित्रं शोधायची आणि ती पानांवर मांडायची, हे तिचं काम. मी आधीपासून तिथेच होते. ती येण्यापूर्वी आमची पद्धत सोपी होती. आवडेल तो फोटो उचलायचा आणि शेवटच्या पानावर छापायचं : ‘सर्व छायाचित्रे इंटरनेटवरून साभार’. साभार म्हटलं की सगळं धुऊन निघतं, अशी आमची पक्की समजूत होती.

पहिल्याच दिवशी आत्याने ते पान मालकापुढे आपटलं. “इंटरनेट हे कुणाचं नाव आहे रे? कुठली आई या नावाने हाक मारते?”

“बाई, सगळेच असं करतात,” मालक म्हणाले.

“उद्या तुझी सायकल कुणी नेली आणि मागे चिठ्ठी ठेवली, ‘रस्त्यावरून साभार’, तर तू काय करशील? चिठ्ठी फ्रेम करशील?”

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं साभारबाई. तिने आम्हाला शिकवलं की नेटवरचा प्रत्येक फोटो कुणाचा तरी असतो आणि काही लोक आपणहून दार उघडं ठेवतात. ‘घ्या,’ म्हणतात, ‘पण’. सगळी मेख त्या ‘पण’मध्ये असते. कुणी म्हणतो, नाव द्या. कुणी म्हणतो, बदल करा, पण केला ते सांगा. कुणी म्हणतो, धंद्यासाठी वापरू नका, तर कुणी म्हणतो, आहे तसाच ठेवा. “दार उघडं आहे म्हणून आत जा,” आत्या सांगायची, “पण त्याचं फर्निचर हलवू नका.”

नावावरून तर मोठी जुंपली. नेटवर लोक टोपणनावांनी वावरतात. शाळेच्या पुस्तकात ‘छायाचित्र : ओलं पान’ असं छापायची मालकांना लाज वाटत होती.

“त्याने जे नाव सांगितलंय तेच जाणार,” आत्या म्हणाली. “वर्गात तुला सगळे बटाटा म्हणायचे. हाक मारली की यायचास ना?”

‘ओलं पान’ छापलं गेलं.

आता तिची दुसरी सवय सांगायला हवी, कारण घात त्या सवयीनेच केला. पानावर माणूस असो की मुंगी, तोंड पुस्तकाच्या आत हवं, असा तिचा हट्ट. बाहेर बघणारं चित्र वाचणाऱ्याची नजर पानाबाहेर नेतं, म्हणे. “तोंड आत!” असं ती वर्गात ओरडायची, तसंच इथेही ओरडायची. पुस्तक छापायला जायच्या आदल्या दिवशी मालकांचं मनोगत फुगलं. एका पानात मावेना, दुसऱ्यावर गेलं, आणि पुढची सगळी पानं एकेक घर सरकली. उजवीकडची डावीकडे आली. छोटी चित्रं आत्याने या कडेची त्या कडेला नेली, पण गोगलगाय पानभर होती. ती आता पुस्तकाबाहेर बघायला लागली होती. जन्मभराच्या सवयीने आत्याच्या हाताने ती उलटवली. डोक्याला विचारलंच नाही.

मी मेल तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला, मूळ फोटो स्क्रीनवर उघडला आणि पुस्तकातलं पान त्याला लावून धरलं. गोगलगायीचा शंख सहसा उजवीकडे वळतो. डावीकडे वळणारी हजारोंत एखादी, म्हणून तर तिला पुस्तकात अख्खं पान होतं. फोटो उलटला तसं तिचं वळणही उलटलं होतं. वर मथळा ‘डावखुरी गोगलगाय’, आणि खाली चारचौघींसारखी साधी गोगलगाय.

“मीच केलं,” आत्या म्हणाली.

मालक आले. त्यांनी पान वर धरलं, खाली धरलं. “बाई, कुणाच्या बापाला कळणार नाही! वेबसाइटवरचं पान बदलू. पुस्तकात पुढच्या आवृत्तीत सुधारू. आणि नाव तर दिलंय ना आपण?”

“नाव दिलंय म्हणूनच,” आत्या म्हणाली.

मालकांना ते कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. तेवढ्यात दारात पाणीखात्याचा माणूस उभा राहिला, खाकी शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात मीटर वाचायचं यंत्र. माझं डोकं आधीच फिरलेलं. मी म्हटलं, “मीटर मागच्या बाजूला आहे.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “दर वेळी तुम्ही हेच सांगता. आज मीटरसाठी नाही आलो. ओलं पान म्हणजे मी.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याचं नाव आम्ही मोठ्या टेचात छापलं होतं, आणि हा माणूस कितीदा आमच्या दारातून मागे गेला, त्याला आम्ही कधी बस म्हटलं नव्हतं.

आत्याने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. त्याने खिशातून फोन काढून आमच्यापुढे धरला. गोगलगायी, शंख, शिंपले यांचे फोटो टाकणाऱ्या हौशी लोकांचा एक गट होता. त्यात एका निवृत्त प्राध्यापकांनी आदल्या संध्याकाळी आमच्या पुस्तकाचं पान टाकलं होतं आणि वर लिहिलं होतं, ‘मूळ फोटो शेवटी सापडला. आता तरी गृहस्थ कबूल करतील का?’ खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

“मीटरच्या झाकणाखाली ओल असते,” तो सांगू लागला. आवाज वाढू नये म्हणून तो प्रत्येक शब्द दाबून बोलत होता. “झाकण उचललं की काय काय दिसतं. मी फोटो काढतो. एके दिवशी ही दिसली. मी तिचा एक फोटो काढला आणि झाकण पुन्हा लावलं. खिशात घालून आणली असती तर आज ही पाळी नसती आली. पण तिला कशाला मारायचं? गटात फोटो टाकला, तर हे प्राध्यापक म्हणाले, हा साध्या गोगलगायीचा फोटो कंप्युटरवर उलटवलाय. मीटर वाचणाऱ्याला कुठली सापडतेय डावखुरी! तेव्हापासून मला तिथे ‘उलटे साहेब’ म्हणतात. माझी मुलगी त्या गटात आहे. तीही वाचते.”

त्याने फोन खिशात ठेवला.

“म्हणून मी फोटो खुला ठेवला. ज्याला हवा त्याने न्यावा, बघावा, तपासावा. फक्त हात लावू नये. दुसरा पुरावा नाहीये माझ्याकडे. आणि तुम्ही तो उलटवून, खाली माझं नाव घालून छापलात. आता पुस्तकच म्हणतंय की मी खोटारडा.”

मालकांनी घसा साफ केला. “अहो, ते काय झालं, कंप्युटरमध्ये कधी कधी आपोआप…”

“आपोआप काही होत नाही,” आत्या म्हणाली. ती उभी राहिली होती. “उलटवला तो मी. माझ्या हाताने.”

“का?” त्याने विचारलं.

आत्याने पान उघडून दाखवलं. “हिचं तोंड पुस्तकाबाहेर होतं. ते आत घेतलं.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता हा पुस्तक फेकून मारणार. मारलं असतं तर मी त्याला दोष दिला नसता. “तोंड बाहेर होतं म्हणून?” तो म्हणाला. “एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी.”

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. वेळेआधीच आला होता मेला.

“मला भरपाई नको,” तो घाईने म्हणाला. “माफीचा कागद नको. ही पुस्तकं जाऊ देऊ नका. शाळाशाळांत गेली की मी काय करणार? प्रत्येक मुलाला गाठून सांगू?”

मालकांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनाही मी वाईट म्हणणार नाही. शाळांना शब्द दिला होता. पुस्तक आज गेलं नाही तर दुसरं कुणाचं तरी लावू, असं मुख्याध्यापिकांनी फोनवर बजावलं होतं. “एका पानासाठी अख्खं पुस्तक अडवू?” ते म्हणाले. “बाई, हे माझं दुकान आहे हो.”

“आणि ते माझं पान आहे.”

“बाई, मी तुमच्या पाया पडतो. आज जाऊ द्या. मी शाळांना दुरुस्तीची चिठ्ठी पाठवीन.”

“ती चिठ्ठी कोण वाचणार? तू वाचलीस कधी?”

हमाल वर आले आणि त्यांनी पहिला गठ्ठा उचलला. मालकांनी मान वळवली, म्हणजे जा म्हणायलाही नको आणि थांब म्हणायलाही नको. हमाल जिन्याकडे वळले. आत्याने टेबलावरची स्टीलची पट्टी आणि कटर उचललं, त्यांच्या आडवी जाऊन गठ्ठ्याची दोरी कापली आणि वरचं पुस्तक काढून गोगलगायीचं पान उघडलं. पट्टी लावली, एक रेघ ओढली. पान अलगद हातात आलं. शिवणीजवळ बोटभर कागद मागे ठेवला होता, नवीन पान चिकटवायला.

“हे आता जाणार नाही,” ती म्हणाली आणि दुसरं पुस्तक घेतलं.

“बाई!” मालक ओरडले. एवढ्या वर्षांत ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. त्यांचं त्यांनाच ते ऐकवलं नाही. “बाई, तुमची नोकरी…”

“ती तू बघ. मला हे पुरं करू दे.”

रेघ ओढली, पान निघालं. तिसरं पुस्तक. रेघ सरळच येत होती. मला कुणावर तरी ओरडावंसं वाटलं. ओरडायला कुणी सापडेना, म्हणून मी दुसरं कटर घेतलं आणि तिच्या शेजारी बसले. मीटरवाला जरा वेळ उभा राहिला. मग त्याने यंत्र खाली ठेवलं आणि कापलेली पानं गोळा करून उलटी रचायला लागला.

मालकांनी जवळपास कपाळच बडवून घेतलं. मग खिडकीशी जाऊन त्यांनी फोन लावला. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. “मुख्याध्यापिकाबाई, एक पान चुकलंय… हो, मोठी चूक आहे… नाही, शब्द मी फिरवत नाहीये… एक दिवस द्या मला, फक्त एक दिवस.” पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं होतं, आणि तेवढा वेळ मालक खिडकीची जाळी नखाने खरवडत होते. शेवटी ते “बरं, बरं, उपकार झाले” म्हणाले आणि वळले. टेम्पो रिकामा गेला. “छापखान्याला मी सांगतो,” ते आत्याकडे न बघता म्हणाले. “नवीन पानाची मांडणी करा.”

आत्या स्क्रीनपुढे बसली. तिने मूळ फोटो पुन्हा उतरवून घेतला, होता तसा पानावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले, पुन्हा चळायला नकोत म्हणून. गोगलगाय पुस्तकाबाहेर बघत होती. मीटरवाला तिच्या मागे येऊन उभा राहिला.

“तोंड बाहेर आहे,” तो म्हणाला.

“असू दे,” आत्या म्हणाली. “जिकडे जायचंय तिकडे जाऊ दे तिला.”

खाली तिने लिहिलं : ‘छायाचित्र : ओलं पान. खुल्या परवान्यानुसार, कोणताही बदल न करता.’ मग एक ओळ सोडून पुढे लिहिलं : ‘या पुस्तकाच्या आधीच्या छपाईत आणि आमच्या वेबसाइटवर हे छायाचित्र उलटे प्रसिद्ध झाले होते. मूळ छायाचित्र असेच आहे आणि खरे आहे. ते उलटवण्याची चूक माझी.’ आणि त्याखाली तिने स्वतःचं पूर्ण नाव टाइप केलं.

मी ते आधी वेबसाइटवर टाकलं, मग त्या गटात, प्राध्यापकांच्या पोस्टच्या बरोबर खाली. शेजारी दोन्ही फोटो लावले. प्राध्यापकांनी माफी मागितली नाही. तासाभराने त्यांनी आपली पोस्ट गुपचूप काढून टाकली, एवढंच. हसरे चेहरेही तिच्याबरोबर गेले. मला ते पुरेसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मीटरवाल्याने मात्र फोन बघून खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा बघितला आणि मुलीला फोन लावून जिन्यात गेला.

संध्याकाळी छापखान्यातून नमुन्याचं पान आलं. मालक ते घेऊन आत्याच्या टेबलापाशी घुटमळले. सकाळच्या ओरडण्याचं ओझं त्यांच्या अंगावर होतं. “बाई, एक विचारू? हे तुमचं नाव कशाला? ‘प्रकाशक’ म्हणू या. चूक संस्थेची. शाळाशाळांत जाणार हे पुस्तक, तुम्हाला ओळखणारी माणसं आहेत. जन्मभरात पुस्तकात पहिल्यांदा तुमचं नाव छापून येणार आणि ते असं?”

“फोटो कुणाचा ते लिहिलंय,” आत्या म्हणाली. “मग उलटवला कुणी, ते नको?”

मालकांनी पान पुढे केलं. आत्याने पान हातात घेतलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि सगळं वाचलं. गोगलगायीचं वळण बोटाने गिरवून पाहिलं, डावीकडे. मग ते बोट खाली गेलं, पानाच्या अगदी तळाशी, तिच्या नावापर्यंत, आणि तिथे थांबलं.

“हे जरा वर घे,” ती म्हणाली. “इतकं कडेला ठेवलं तर कापताना जाईल.”

मालकांनी तिच्यापुढून माउस ओढून घेतला आणि ते नाव वर घेतलं.